अक्षराचे माप



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतील माणसाने उभे राहावे आणि त्याने संपावर किंवा वेतनावर न बोलता अक्षरांच्या आकारावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी नववीपर्यंत शिकलेला माणूस आहे. संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. हा विषय मी निवडला असेही नाही. एका करारामुळे तो माझ्या वाट्याला आला, आणि मग त्याचा पिच्छा पुरवणे मला भाग पडले.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी अखेरच्या टप्प्यात आली होती. मसुदा आमच्या युनियनच्या कचेरीतील जुन्या संगणकावर तयार झाला होता. त्या संगणकावर लिनक्स ही विनामूल्य मिळणारी कार्यप्रणाली आहे. आमच्याकडे मसुद्याची पाने भरली बावीस. तीच फाइल व्यवस्थापनाच्या कचेरीत विंडोजवर उघडली, तेव्हा पाने झाली पंचवीस. मधल्या वेळात कोणी एक शब्दही वाढवला नव्हता. रात्री उशिरा आम्ही फोनवरून कळवले, 'पान नऊवरील दुसरा परिच्छेद मान्य.' आमच्या नवव्या पानावर दुसऱ्या परिच्छेदात रात्रपाळीचा भत्ता होता. त्यांच्या नवव्या पानावर त्याच जागी रजेसंबंधीची एक अट होती, आणि ती अट आम्हाला मुळीच मान्य नव्हती.

दुसऱ्या दिवशी सह्यांच्या आधी छापील प्रत हाती आली. आमचे एक ज्येष्ठ सभासद, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, जोडपत्रातील तक्ता डोळ्यांजवळ धरून वाचत होते. ते म्हणाले, "भाऊ, यात कराराची मुदत कुठं लिहिली आहे? मला तर इथं मदत दिसते." मी कागद हाती घेतला. चौकटीच्या खालच्या रेघेने 'मु'चा उकार कापून टाकला होता आणि 'मुदत'ची 'मदत' झाली होती. त्या शब्दापाशी थांबलो म्हणून पुढचे-मागचे सगळे तपासले, आणि नवव्या पानाचा घोळही तेव्हाच उघडकीस आला. कोणी कोणाला फसवले नव्हते, आणि तरीही कागद चुकीचा झाला होता. असे का व्हावे, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय ते पाहू. संगणकाचे यंत्र आणि त्यावर काम करणारा माणूस यांच्यामध्ये एक मुकादम असतो. माणसाने सांगितलेले काम तो यंत्राकडून करवून घेतो. विंडोज, मॅकिंतॉश, लिनक्स आणि आपल्या मोबाइलमधील अँड्रॉइड हे असे निरनिराळे मुकादम होत. आपण हुकूम सोडतो, 'अक्षर बारा आकाराचे कर.' हुकूम सर्वांना एकच. परंतु बारा म्हणजे किती, हे प्रत्येक मुकादम आपल्या शिरस्त्याप्रमाणे ठरवतो. आपल्या या भागात भाताची खंडी गावोगाव सारखी भरत नसे, हे जुन्या माणसांकडून आपण ऐकले आहे. खंडी हा शब्द एक, पण भात कमी-जास्त. देशाने १९५६ साली वजनमापांचा कायदा करून किलोग्रॅम आणि मीटर आणले, तेव्हा हा घोटाळा मिटला. अक्षरांच्या बाबतीत तो अद्याप पुरता मिटलेला नाही.

पंधराव्या वर्षी मी पेणला एका लहान छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. शिशाचे अक्षर ज्याने हातात धरले आहे, त्याला मापाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. खिळा म्हणजे धातूची एक लहानशी कांडी. तिच्या डोक्यावर अक्षर कोरलेले असते. आपण बारा पॉइंट म्हणतो ते त्या कांडीच्या डोक्याच्या जाडीचे माप असते, वरच्या अक्षराचे नव्हे. अक्षर त्या जागेत कधी भरून बसते, कधी आखडून बसते. पूर्वी मापांना आकडे नव्हते, नावे होती: पायका, इंग्लिश, ग्रेट प्रायमर. एका ओतशाळेचा पायका दुसऱ्या ओतशाळेच्या पायक्याशी जुळेलच असे नव्हते. फ्रान्समध्ये १७३७ साली फूर्निये याने मापाला आकडे दिले; अमेरिकेतील ओतशाळांनी १८८६ साली आपला पॉइंट ठरवून घेतला. संगणकाने पुढे हिशेब सोपा केला आणि इंचाचा बहात्तरावा भाग म्हणजे एक पॉइंट असे धरले. म्हणजे बारा पॉइंट हा इंचाचा सहावा भाग, सुमारे ४.२३ मिलिमीटर.

कागदावर हा हिशेब चोख बसतो. पडद्यावर मात्र अडचण येते. संगणकाचा पडदा मिलिमीटर ओळखत नाही. तो ओळखतो फक्त ठिपके. पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, आणि प्रत्येक अक्षर त्या ठिपक्यांतून उभे करायचे असते. बारा पॉइंटांना किती ठिपके द्यायचे, हे ठरवायचे तर एका इंचात किती ठिपके आहेत हे माहीत असावे लागते. १९८४ साली मॅकिंतॉश संगणक आला तेव्हा त्याच्या पडद्यावर इंचाला बहात्तर ठिपके होते. म्हणून त्याने बारा पॉइंटांना बारा ठिपके दिले, आणि पडद्यावरचे अक्षर कागदावरच्या अक्षराइतकेच दिसू लागले. विंडोजच्या कर्त्यांनी निराळा विचार केला. माणूस कागद जवळ धरतो, पडदा लांबून पाहतो. तेव्हा पडद्यावर अक्षर थोडे मोठेच हवे. त्यांनी इंचाला शहाण्णव ठिपके गृहीत धरले. त्यामुळे त्याच बारा पॉइंटांना विंडोजमध्ये सोळा ठिपके मिळाले. विंडोजवर बेताचे दिसणारे अक्षर मॅकवर बारीक दिसे, आणि मॅकवर मांडलेले विंडोजवर थोराड. लिनक्सच्या मंडळींकडे पंचाहत्तर आणि शंभर असे दोन्ही हिशेब चालत. पुढे सुमारे २००० सालापासून मॅकवरील आंतरजाल-न्याहाळकांनीही शहाण्णवचा हिशेब स्वीकारला, आणि आज संकेतस्थळांच्या मांडणीच्या नियमांत एक इंच म्हणजे शहाण्णव ठिपके असे ठरूनच गेले आहे.

पण हे शहाण्णव निव्वळ मानलेले आहेत, मोजलेले नाहीत. एक साधे गणित पाहा. चोवीस इंची पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर इंचाला सुमारे ९२ ठिपके पडतात. त्यावर सोळा ठिपक्यांची जागा भरते ४.४ मिलिमीटर. तेवढेच ठिपके चौदा इंची मांडीवरच्या संगणकात कोंबले, तर इंचाला १५७ पडतात, आणि तेच सोळा ठिपके २.६ मिलिमीटरांत मावतात. दोन्हीकडे कार्यप्रणाली एक, आकडा बारा, ठिपके सोळा. तरी अक्षर जवळजवळ निम्म्यावर येते. यावर तोड म्हणून विंडोजमध्ये सव्वापट, दीडपट असे मोठे करण्याची सोय ठेवलेली आहे. दीडपट केल्यावर त्या लहान पडद्यावर ती जागा ३.९ मिलिमीटर होते. अनेकांना ही सोय असल्याचे ठाऊक नसते. ते चष्म्याचा नंबर वाढला असे समजून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातात.

आता आपल्या लिपीकडे येऊ. इंग्रजी अक्षराला वर फार तर एक दांडी आणि खाली एक शेपूट असते. देवनागरीचे घर तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर शिरोरेषेला लटकलेले मूळ अक्षर. वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. तळमजल्यावर उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. कांडीची जाडी एकच, आणि तीत हे तिन्ही मजले बसवायचे. साहजिकच मूळ अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते. बारा आकाराचे मराठी बारा आकाराच्या इंग्रजीशेजारी लहान दिसते ते यामुळेच, आणि अर्ज टंकणारी मुले इंग्रजी बारा ठेवून मराठीला चौदा किंवा सोळा देतात तेही यामुळेच. जुळाऱ्यांनी हे शिशाच्या काळात अनुभवले होते. ज्याला ते 'डिग्री' टाइप म्हणत, त्यात मात्रा आणि वेलांट्या वेगळ्या खिळ्यांवर असत, आणि त्या अक्षराच्या डोक्यावर बसवताना बोटे दुखून येत.

अक्षरांच्या एका घडणीच्या संपूर्ण संचाला टंक किंवा फाँट म्हणतात. प्रत्येक टंकाचा कर्ता ही तीन मजल्यांची वाटणी आपल्या नजरेने करतो. विंडोजसोबत येणारा 'मंगल' हा टंक आपले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आखलेला आहे. पुढे त्याच कार्यप्रणालीत 'निर्मला' आला. लिनक्सवर 'लोहित', मॅकवर 'कोहिनूर देवनागरी' आणि अँड्रॉइडवर 'नोटो' हे टंक आढळतात. हे सगळे चौदा आकारात लिहून एकाखाली एक मांडा. कोणी रुंद, कोणी अरुंद, कोणी ठेंगणा दिसेल. म्हणून टंकाचे नाव न सांगता नुसता 'आकार चौदा' म्हणणे म्हणजे धान्याचे नाव न सांगता 'दोन पायली द्या' म्हणण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली कागदपत्रांसाठी नियम केला, तेव्हा त्यात केवळ आकार चौदा असे सांगून ते थांबले नाहीत. टंकाचे नाव, कागदाचे माप आणि ओळींमधील अंतर हेही सांगितले.

आमच्या मसुद्याचे काय झाले ते आता ध्यानात येईल. आम्ही वापरलेला टंक व्यवस्थापनाच्या संगणकावर नव्हता. अशा वेळी कार्यप्रणाली तक्रार करीत नाही. ती मुकाट्याने आपल्याजवळचा दुसरा टंक लावून मोकळी होते. दुसऱ्या टंकाची अक्षरे किंचित रुंद, म्हणून ओळी वाढल्या. ओळीची उंची थोडी जास्त, म्हणून पाने वाढली.

याशिवाय टंक तोच असला, तरीही ओळीच्या उंचीत फरक पडू शकतो. टंकाच्या फाइलीत ओळीच्या वर किती जागा आणि खाली किती जागा सोडावी, याच्या नोंदी तीन निरनिराळ्या ठिकाणी असतात. त्यांपैकी मॅक एक नोंद वाचतो, विंडोज बहुधा दुसरी. टंक घडवणाऱ्याने तिन्ही ठिकाणी सारखे आकडे घातले नसतील, तर एकच मजकूर एकीकडे मोकळा आणि दुसरीकडे दाटीचा दिसतो. तीन मजली लिपीला याचा फटका अधिक. आम्ही तक्त्याच्या चौकटींची उंची आमच्या टंकाच्या बेताने पक्की बांधून ठेवली होती. ओळ उंच झाली, चौकट मात्र हलेना. मग तळमजल्यावरचा उकार चौकटीबाहेर पडला आणि मुदत जाऊन मदत उरली.

आता उपाय. ते अवघड नाहीत. फक्त सवयीचे व्हायला हवेत.

पहिली गोष्ट, मजकूर युनिकोडमध्येच असावा. १९९० नंतरच्या दशकात मराठी टंकांचे प्रत्येक कंपनीचे संकेत वेगवेगळे होते. एकीचा टंक नसला की दुसरीकडे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. टंक बदलला तर रूप बदलेल, पण 'क' हा 'क'च राहील. आकार सारखा ठेवण्याचा विचार त्यानंतरचा; आधी अक्षर जागेवर राहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट, ज्या मजकुरात अजून दुरुस्त्या व्हायच्या आहेत, त्यासाठी दोन्ही बाजूंनी एकच टंक ठरवून घ्यावा आणि तो असा घ्यावा की जो सर्व कार्यप्रणालींवर मोफत बसवता येतो. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' किंवा गूगलचा 'नोटो' असे टंक आहेत. पहिल्या मसुद्याबरोबर टंकाची फाइलही धाडावी. ओळींचे अंतर ऐसपैस ठेवावे, आणि तक्त्यातील चौकटींना 'किमान' उंची द्यावी, पक्की बांधू नये. पक्की उंची दिली की पाने सर्वत्र सारखी येतात हे खरे, पण ती देताना रफार आणि उकार दोघांनाही पुरेल एवढी देण्याचे भान राहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट, अंतिम प्रत पीडीएफ स्वरूपात करावी. १९९३ साली निघालेल्या या पद्धतीत पानाचे चित्र आणि त्यातले टंक एकाच फाइलीत बंद करता येतात. टंक आत घातला आहे की नाही, हे फाइलीच्या माहितीत तपासून घ्यावे. मग ते पान अलिबागेत उघडा की लंडनला, विंडोजवर उघडा की मॅकवर, ओळ तिथेच तुटते. छापताना मात्र 'कागदात बसवा' असा पर्याय न निवडता 'मूळ आकारात' छापावे. आपल्याकडे ए-चार, लीगल आणि अमेरिकन लेटर असे तिन्ही मापांचे हिशेब यंत्रांत घुटमळत असतात. कागद चुकीचा धरला गेला की यंत्र सगळे पान गुपचूप आखडून घेते, आणि चौदाचे अक्षर तेराचे होऊन बाहेर पडते.

चौथी गोष्ट पडद्यासाठी. ज्यांची संकेतस्थळे आहेत, त्यांनी अक्षराचा आकार पॉइंटांत खिळवून ठेवू नये. वाचणाऱ्याने आपल्या यंत्रावर जो आकार पसंत केला असेल, त्याच्या पटीत सांगावा: मजकूर एकपट, मथळा दीडपट, टीप पाऊणपेक्षा कमी नाही. मोबाइल हातभर अंतरावर, पडदा त्याहून लांब आणि या मंडपातील भिंतीवरचे चित्र वीस हातांवर; तिन्ही ठिकाणी मिलिमीटर सारखे ठेवून उपयोग नाही. येथे सारखेपणा प्रमाणात हवा, आणि शेवटचा शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्याचा असावा. अँड्रॉइडमध्ये आणि आयफोनमध्ये अक्षर मोठे करण्याची सोय असते. घरी गेल्यावर आईवडिलांच्या मोबाइलवर ती एकदा उघडून द्या.

पाचवी गोष्ट आम्ही ठेच लागून शिकलो. करारात, ठरावात, पत्रव्यवहारात कधीही पानाचा आणि ओळीचा हवाला देऊ नये; कलमाचा क्रमांक द्यावा. पान यंत्रागणिक सरकते, कलम सरकत नाही. आता आमच्या प्रत्येक मसुद्याच्या पहिल्या पानावर टंकाचे नाव, आकार आणि कागदाचे माप लिहिलेले असते, आणि सही होते ती फक्त छापून सर्वांनी वाचलेल्या प्रतीवर.

आणि तपासणीसाठी फूटपट्टी पुरे. पहिल्या ओळीच्या शिरोरेषेपासून अकराव्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत अंतर मोजा आणि दहाने भागा. ओळीची खरी उंची मिळेल. दोन यंत्रांवरून निघालेल्या प्रती या एका आकड्याने ताडून पाहता येतात. मी आजही खिशात सहा इंची पट्टी बाळगतो.

बंधुभगिनींनो, एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. अक्षर लहान-मोठे झाले म्हणून कोणाचे पोट थोडेच भरते? माझे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे. याच अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप केला. त्या काळच्या कुळांपैकी किती जणांना स्वतःची कबुलायत वाचता येत होती? कागदावर अंगठा त्यांचा, आणि मजकूर दुसऱ्याचा. पुढे लोक शिकले. कामगारांच्या बाबतीत १९४६ च्या कायद्याने असे बंधन घातले होते की, कारखान्याचे स्थायी आदेश बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही दाराजवळच्या फलकावर लावले पाहिजेत. भाषा समजेल अशी हवी, हे कायद्याने ओळखले. परंतु समजणारी भाषा न दिसणाऱ्या अक्षरात छापली, तर शिकलेला माणूसही पुन्हा अंगठेबहाद्दर होतो. बाजारातल्या बंद पुड्यावरील मजकुराच्या बाबतीत सरकारने हे ध्यानात घेतलेले दिसते. २०११ च्या नियमांत पुड्यावरील अक्षरे आणि आकडे किमान किती उंचीचे असावेत ते मिलिमीटरमध्येच सांगितले आहे, पॉइंटांत नव्हे. मिलिमीटर कोणत्याही मुकादमाच्या लहरीवर चालत नाही. बिस्किटाच्या पुड्याला जो न्याय मिळाला, तो माणसाच्या नेमणूकपत्राला आणि पगारपत्रकाला मिळावा, एवढेच माझे मागणे आहे.

त्या दिवशी आम्ही सह्या थांबवल्या. टंक ठरवला, चौकटी मोकळ्या केल्या, कलमांना क्रमांक दिले आणि दोन दिवसांनी नवी प्रत काढली. ज्येष्ठ सभासदांनी ती खिडकीशी नेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. अर्धा तास लागला, आणि दोन्ही बाजूंची माणसे तेवढा वेळ बसून राहिली. मग त्यांनी मुदतीच्या उकारावर बोट ठेवून दाखवले आणि सहीसाठी पेन मागितले.

आपणही उद्या घरातला एखादा करार, भाडेपत्र किंवा विम्याचा कागद काढा, पट्टी घ्या आणि अक्षर मोजून पाहा. ते सहज वाचता येत नसेल, तर देणाऱ्याकडे मोठ्या अक्षरातली प्रत मागा. संगणकाच्या युगात ती काढून द्यायला क्षणभरही लागत नाही.